घरातला वारा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आहे आणि ह्रस्व-दीर्घ मला कधीच नीट जमलं नाही. ही वही कुणाच्या हाती पडलीच, तर चुकांबद्दल आधीच माफी मागते. उगाच रीत म्हणून मागत नाही. मी एकदा एक अक्षर गाळलं आणि त्यापायी एका माणसाचा जीव जायची वेळ आली. आज लिहायचं आहे ते त्याच माणसाबद्दल.

ते जेवायला आले की आधी खिडकी लावायचे. एक चप्पल दाराबाहेर निघालेली असायची, दुसरी काढता काढता ते आत यायचे आणि थेट खिडकी गाठायचे. दोन्ही झडपा ओढायच्या, कडी घालायची, कडी नीट बसली का ते बोटानं ढकलून पाहायचं. मग वळायचे.

"वयनी, वारो येता," एवढंच म्हणायचे. मालवणकडचे होते, मुंबईत तीस वर्षं काढूनही भाषा सुटली नव्हती. मी पदर पुढे ओढून मान हलवायची. मी त्यांना भावजी म्हणायची, तेही मनातल्या मनात. आमच्या ह्यांच्या खात्यात कामाला होते म्हणून भावजी.

लालबागला आमच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत माझी खानावळ होती. गावी बायका-मुलं ठेवून आलेले गिरणीतले पंधरा-सोळा जण पाळीपाळीनं जेवायला यायचे. मी वाढायची, पण बोलायची नाही. बोलायचं काम ह्यांचं. मला परक्या पुरुषासमोर शब्दच फुटायचा नाही. वर्षानुवर्षं ज्यांना दोन वेळा वाढलं, त्यांतल्या कित्येकांचे चेहरे मला नीट ठाऊक नव्हते. हात मात्र ठाऊक होते. भावजींच्या हाताची दोन बोटं सूत ओढून ओढून कडेला घासलेली होती.

ते साच्यावर कापड विणायचे. तुम्ही गिरणीच्या आसपास राहिला असाल तर ठाऊक असेल, साचेखात्यात खिडक्या उघडत नाहीत. वारा लागला की सूत कोरडं पडून तुटतं, म्हणून आत वाफ सोडतात. माणसं घामानं भिजून बाहेर पडतात. सगळे त्या खात्याला शिव्या द्यायचे. भावजी म्हणायचे, "माका थंयच बरा. थंय वारो नाय."

कारण त्यांच्या वडिलांच्या अंगावरून वारं गेलं होतं. सकाळी बैल सोडायला उठले आणि गोठ्यातच उजव्या अंगावर पडले. बोलणं गेलं, दोन वर्षं अंथरुणावर काढली. मग थोरल्या भावाचंही तसंच झालं. तो तर ह्याच गिरणीत होता. रजेवर गावी गेला आणि होडीतून उतरताना किनाऱ्यावर कोसळला. बाप एकावन्नाचा, भाऊ पन्नासचा. दोघांनाही उघड्यावर गाठलं, म्हणून भावजींची खात्री झाली होती की त्यांच्या घराण्यामागे वारा लागलाय आणि तो उघड्यावर माणसाला शोधत असतो. म्हणून मे महिन्यातही कानाला तपकिरी मफलर. पंगतीतले बाकीचे त्यांना मफलर म्हणूनच हाक मारायचे. "मफलर, आज पंखा लावू काय?" असं कुणी म्हटलं की ते ताट उचलून भिंतीच्या आडोशाला जाऊन बसायचे. सगळे हसायचे. मीही चुलीकडे तोंड करून हसायची.

पण त्यांना हसू यायचं नाही. गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा ते एकोणपन्नास वर्षांचे होते.

आमच्याकडे पानात आधी मीठ वाढतात. ताटात डावीकडे वर चिमूटभर मीठ, मग बाकीचं. मीठ कुणी कुणाच्या हातावर देत नाही, भांडण होतं म्हणतात. भावजींना चिमूटभर पुरायचं नाही. ते ताटाच्या कडेवर बोट टेकवून थांबायचे. म्हणजे अजून वाढा. मी अजून वाढायची. ते भातावर, आमटीत, ताकातसुद्धा घालायचे. एकदा पंगतीत कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाले, "घाम गेलो म्हणजे मीठ गेला. ता भरूक नको?"

आम्हा सगळ्यांनाच ते पटलं होतं.

संप लागला आणि घाम थांबला. चिमणीचा धूर बंद झाला, भोंगा बंद झाला. दोन महिन्यांत निम्मे लोक गावी गेले. भावजी राहिले. गावी गेलो तर उघड्यावर झोपावं लागेल, ही भीती होतीच. आणि आज ना उद्या गेट उघडेल ही आशाही. मोर्चाला जायचे तेव्हा मधोमध चालायचे, चारी बाजूंनी माणसं असली म्हणजे वारा लागत नाही म्हणून. आमचे हे घरी येऊन सांगायचे, "आज पोलिसांनी आम्हाला ढकललं, पण मफलर जागचा हलला नाही. त्याला पोलिसांची भीती नाही, मोकळ्या जागेची आहे."

पैसे कुणाकडेच नव्हते. जे राहिले त्यांना मी जेवायला घालत होते. मंगळसूत्रातले दोन मणी राहिले होते, बाकी दुकानात गहाण. भाजी परवडेना. मग पेज, आणि पेजेबरोबर खारा बांगडा. एक खारवलेला बांगडा भाजला की चौघांचं जेवण होतं, इतका तो खारट असतो. नाहीतर लोणचं. नाहीतर पापड. संपाच्या त्या महिन्यांत माझ्या खोलीत मिठाशिवाय दुसरं काही वाढलंच गेलं नाही म्हटलं तरी चालेल. आणि भावजी तरीही ताटाच्या कडेवर बोट टेकवायचे.

त्याच सुमाराला मला चक्कर यायला लागली, म्हणून मी म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात गेले. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. माझ्या दंडाला पट्टा बांधून त्यांनी रक्ताचं प्रेशर पाहिलं. मला काही झालं नव्हतं, अंगात रक्त कमी होतं इतकंच. पण त्यांनी विचारलं, घरात काय शिजवता, आणि मी सांगत गेले. बाईमाणूस होती म्हणून बोलता आलं. बोलता बोलता भावजींचंही सांगून बसले. बाप, भाऊ, मफलर, वारा.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, बाहेरचा वारा काही करत नाही. डोक्यात रक्त नेणारी नळी असते, ती तुंबते किंवा फुटते, त्याला तुम्ही वारं जाणं म्हणता. बापाला आणि भावाला झालंय म्हणजे त्यांना इतरांपेक्षा जास्त भीती आहे. हा वारसा आहे. वारसा कुणाला बदलता येत नाही, पण प्रेशर तपासता येतं, मीठ कमी करता येतं, तंबाखू सोडता येते. त्यांना माझ्याकडे पाठवा.

घरी आल्यावर मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "आधीच घाबरलेला माणूस, त्याला आणखी कशाला घाबरवतेस?"

मग मी चिठ्ठी लिहायचं ठरवलं. तोंडानं सांगायचं धाडस नव्हतं. मुलीच्या वहीतलं अर्धं पान फाडलं. पुष्कळ लिहायचं होतं, पण मिठाचं लिहायला हात धजेना. संपात, फुकट जेवणाऱ्या माणसाला, खानावळवाल्या बाईनं मीठ कमी खा म्हणायचं? त्याला वाटेल ही मिठासाठीसुद्धा हात आखडते. दवाखान्यातलं सगळं बोलणं लिहिलं तर वाटेल, ही डॉक्टरकडे माझ्या घरच्या गोष्टी सांगून आली. म्हणून दोनच ओळी लिहिल्या. डॉक्टरीणबाईंना विचारलं. तुमच्या घरातला वारसा आहे, जपा.

असं मला वाटलं. त्यांच्या ताटाखाली चिठ्ठी ठेवली आणि चुलीकडे तोंड करून बसले.

त्यांनी ती वाचली. मोठ्यानं वाचली, कारण त्यांना तसंच वाचता यायचं. "डॉक्टरीणबाईंना विचारलं. तुमच्या घरातला वारा आहे, जपा."

घाईत माझा 'स' राहून गेला होता, त्याचा काना तेवढा लिहिला होता.

हसणारेही हसले नाहीत. भावजींनी चिठ्ठीची घडी घालून छातीच्या खिशात ठेवली. "बघा," ते म्हणाले, "डॉक्टरान पण सांगल्यान. घरातलो वारो." त्यांचा आवाज मला वेगळाच लागला. आजवर ती त्यांची एकट्याची भीती होती. आता मी तिच्यावर दवाखान्याचा शिक्का मारून दिला होता.

मला तेव्हाच वळून सांगता आलं असतं. अक्षर चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. मी कढईतला बांगडा उलटत राहिले. तो एका बाजूनं जळाला.

दुसऱ्या दिवशी ऐकलं की त्यांनी आपल्या खोलीची खिडकी खिळे मारून बंद केली. वारा आता घरातही शिरतो असं धरून दाराखालच्या फटीत चिंध्या भरल्या, वरच्या झरोक्याला पुठ्ठा लावला. त्या खोलीत संपामुळे तिघंच उरले होते. बाकीचे दोघं गुदमरायला लागले, भांडले, एकानं पुठ्ठा काढला तर भावजींनी परत लावला. शेवटी ते दोघं गॅलरीत झोपायला लागले आणि भावजी त्या बंद खोलीत एकटे, मफलर बांधून. आमचे हे हसून हसून सांगत होते. मी पाखडलेलेच तांदूळ पुन्हा पाखडत राहिले.

बोलता येत नव्हतं, म्हणून मी हातानं करायचं ठरवलं. मीठ माझ्याच हातात होतं ना.

पहिल्या आठवड्यात बांगडा रात्रभर पाण्यात घालून त्याचा खारटपणा काढायला लागले. दुसऱ्या आठवड्यात आमटीत मीठ निम्मं केलं. त्याच्या जागी कोकम घातलं, मिरी घातली, दादरच्या बाजारात फेकून देतात तशी पिचकी लिंबं हे घेऊन आले तर तीही पिळली. आंबट असलं की जीभ फसते. बाकीच्यांनी काही म्हटलं नाही. भावजींनी पहिल्याच घासाला वर पाहिलं.

"वयनी, आज हात आखडलात?"

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्यांनी ताटाच्या कडेवर बोट टेकवलं. मी गेले नाही. बोट तसंच राहिलं. ते किती वेळ होतं ते मला सांगता येणार नाही, पण पंगतीतले सगळे त्या बोटाकडे बघत होते. शेवटी त्यांनी बोट उचललं आणि तसंच जेवले. पुढच्या वेळेपासून मी त्यांच्या पानात डावीकडे मीठ वाढणंच बंद केलं. पानात मीठ न वाढणं म्हणजे काय, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. बिनमिठाचं पान श्राद्धाला वाढतात.

तीन-चार दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ते मुकाट्यानं जेवतायत. मला बरं वाटलं. मग ताट उचलताना कडेला पांढरे कण दिसले. ते खिशात कागदाची पुडी घेऊन येत होते. चिठ्ठी ठेवलेल्या त्याच खिशात. मी वळले की पुडी निघायची, मी परत वळले की खिशात जायची.

असं दोन महिने चाललं. मी आमटीतलं मीठ कमी करायची, ते पुडी मोठी करायचे. आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नव्हतो. मधल्या काळात त्यांना पन्नास पुरी झाली. त्यांचा भाऊ पन्नासचा होता, हे मला रोज चूल पेटवताना आठवायचं.

मग ती दुपार. संप लांबल्यापासून हे दादरला भाजी विकायला बसायचे, त्या दिवशीही तिकडेच होते. खोलीत भावजी आणि आणखी तिघं. जेवणं झाली होती आणि कुणीतरी चहाची पूड आणली होती म्हणून मी थोडा काळा चहा केला. भावजींनी कप घेतला. तोंडाशी नेला आणि चहा हनुवटीवरून मफलरवर सांडला. सगळ्यांना वाटलं, भाजला. कुणीतरी म्हटलंही, "मफलर, फुंकून पी रे." ते काहीतरी बोलले. काय बोलले ते कळलं नाही. शब्द जाड झाले होते. मग कप हातातून खाली पडला. त्यांनी हाताकडे पाहिलं, जणू तो हात दुसऱ्याच कुणाचा. तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती.

"वारं गेलं," एक जण ओरडला. "खिडकी लावा." एकानं खिडकी लावली, दुसरा तेल गरम करा म्हणाला. तिसरा चपला घालायला लागला, म्हणाला भायखळ्याला एक जण पारव्याचं रक्त चोळतो, उतरतं. भावजी भिंतीला टेकले होते आणि माझ्याकडे बघत होते. मी त्यांचे डोळे पहिल्यांदाच इतके नीट पाहिले.

आणि मग, तेल तापायच्या आत, ते ओसरलं. तोंड सरळ झालं. त्यांनी हाताची मूठ उघडली, मिटली. "गेलो," ते स्वच्छ बोलले. "वारो इलो नि गेलो. माका कायएक झाला नाय." सगळ्यांनी श्वास सोडला. झोपवा त्याला, पांघरूण घाला, असं सुरू झालं. ते आडवे व्हायला निघाले.

मी पदर मागे टाकला आणि मध्ये उभी राहिले.

"झोपायचं नाही," मी म्हणाले. "इस्पितळात जायचं. आत्ता."

चौघंही माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी माझा आवाज कधी ऐकला नव्हता. मलाही तो ओळखू आला नाही. मी पुढे बोलत गेले, थांबले असते तर पुन्हा बोलले नसते. "ती चिठ्ठी चुकलीय. मी वारा लिहिलं. वारसा लिहायचं होतं. माझा 'स' राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या हा तुमच्या रक्तात बापाकडून आलाय, खिडकीतून आलेला नाही. मीठ त्याला वाढवतं. म्हणून मी पानात मीठ वाढत नव्हते."

भावजींनी खिशातून चिठ्ठी काढली. तिच्याबरोबर मिठाची पुडीही बाहेर आली आणि मांडीवर सांडली. ते चिठ्ठीकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "मगे इतके दिवस 'स' खंय होतो?"

कुणीतरी हसलं. मी रडायच्या बेतात होते.

"इस्पितळात पैसे पडतले," ते म्हणाले. "तुमचाच देणा दिलंय नाय अजून. आता कशाक जावचा? झाला ता गेला."

त्यांना जीव महत्त्वाचा नव्हता असं नाही. पण ज्या गोष्टीला बाप शरण गेला, भाऊ शरण गेला, तिच्याशी झगडता येतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मला एकच गोष्ट सुचली. आजही आठवलं की लाज वाटते, पण तेवढीच सुचली.

"देणं आहे ना माझं?" मी म्हणाले. "मग ते फिटेपर्यंत तुम्ही मरायचं नाही. माझे मणी दुकानात आहेत. उठा."

त्यांना हे लागलं. ते उठले.

परळच्या मोठ्या इस्पितळात आम्ही टॅक्सीनं गेलो, पैसे त्या तिघांनी मिळून घातले. पट्टा बांधला, डॉक्टरांनी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं, पुन्हा बांधला. घरात कुणाला असं झालंय का विचारलं. भावजी म्हणाले, "बापाक. भावाक." मग माझ्याकडे बघून, जपून, शाळेत म्हणावं तसं म्हणाले, "वारसा आसा."

डॉक्टर म्हणाले, आलं आणि गेलं म्हणून सुटलात असं समजू नका, ही सूचना होती. झोपून राहिला असतात तर पुढचं कदाचित परत गेलं नसतं. त्यांना ठेवून घेतलं. सुटताना गोळ्या दिल्या, रोजच्या, बरं वाटलं तरी बंद न करायच्या. तंबाखू बंद. खारवलेली मासळी, लोणचं, पापड बंद. ताजी मासळी चालेल, पालेभाजी, फळ मिळेल ते. वारसा म्हणजे शिक्षा नाही, म्हणाले, इतरांपेक्षा जास्त सांभाळायचं एवढाच त्याचा अर्थ. भावजींनी एकच प्रश्न विचारला, खिडकी उघडी ठेवली तर चालेल का. डॉक्टरांना त्याचा अर्थ कळला नाही. म्हणाले, ठेवा की, हवा येईल.

सुटून आल्यावर पहिल्या दिवशी जेवायला आले तेव्हा एक चप्पल पायात तशीच ठेवून सवयीनं खिडकीशी गेले. कडीवर हात ठेवला. तसेच उभे राहिले. मग हात काढला आणि येऊन बसले. सगळं जेवण होईपर्यंत त्यांचं लक्ष खिडकीकडे होतं, जणू तिथून कुणी आत येणार आहे. मफलर मात्र काढला नाही. तो कधीच काढला नाही.

संप कधी संपला हे आमच्यापैकी कुणालाच नीट सांगता येत नाही. गिरणी उघडली तेव्हा भावजींना परत घेतलं नाही. त्यांनी नायगावला एका गोदामावर पहारेकऱ्याचं काम धरलं. उघड्यावरचं काम होतं. तिथून चालत जेवायला यायचे. मी त्यांचं वेगळं करायची. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, कोकम घातलेली ताजी मांदेली. त्या जेवणाला ते देण्याचं जेवण म्हणायचे. "काय वाढलंत, देण्याचा जेवान?" विचारायचे, आणि पहिला घास घेतल्यावर तोंड असं करायचे की कुणीही म्हणावं, ह्या माणसाला काढा पाजतायत. पण पुडी परत कधी दिसली नाही. मी त्यांच्या पानात डावीकडे मिठाच्या जागी लिंबाची फोड ठेवायची. जागा रिकामी राहू नये म्हणून.

आता मी त्यांच्याशी बोलायची. फार नाही. गोळी घेतली का, एवढंच. ते खिशातून पाकीट काढून दाखवायचे.

पन्नास सरलं. भावाचं वय मागे पडलं. मग एकावन्न लागलं तेव्हा वर्षभर त्यांना जेवायला यायला जरा उशीर झाला की मी गॅलरीत जाऊन उभी राहायची. आणि एके दिवशी ते जेवता जेवता म्हणाले, "आज बावन्न पुरी झाली." पंगतीतल्या कुणाला त्याचा अर्थ कळला नाही. मी त्या दिवशी त्यांच्या ताटात अर्धा पापड वाढला. त्यांनी तो इतका हळू खाल्ला की ताटं उचलायची थांबली.

संपातल्या जेवणाचे पैसे ते दर महिन्याला थोडे थोडे द्यायचे. मी कधी लिहून ठेवलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात होतं. माझे मणी कधीच सुटून आले होते. दोन-तीन वर्षांनी मी म्हटलं, झाले असतील आता, पुरे. ते घाईघाईनं म्हणाले, "नाय, नाय. अजून थोडे आसत." पुढच्या वर्षी पुन्हा म्हटलं, तर तेच. अजून थोडे आसत. मग मी विचारायचं सोडलं. देणं फिटेपर्यंत मरायचं नाही, असं मीच बोलले होते. त्यांनी ते धरून ठेवलं होतं.

साठीनंतर ते गावी गेले. तिथूनही मनीऑर्डर यायची. दर महिन्याला नाही, पण यायची. खाली मोकळ्या जागेत लिहिलेलं असायचं, प्रेशर बरा आसा, अजून थोडे आसत. माझी खानावळ बंद झाली, हे गेले, चाळीसमोरची चिमणी पाडून तिथे उंच इमारत आली. मनीऑर्डर येत राहिली. रक्कम पाहून मला हसू यायचं. त्यात आता एक ताटही आलं नसतं.

गेल्या महिन्यात त्यांची पुतणी आली. किनाऱ्यावर पडला त्या भावाची मुलगी. मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. पंचेचाळिशीची असेल, नाक-डोळे त्यांचेच. म्हणाली, काका गेले. गावात कुणी आपलं वय मोजत नाही, त्यांनी मोजलं होतं, पंचाहत्तरी ओलांडून वर दोन वर्षं जगून गेले. कशानं, मी विचारलं. झोपेतच, ती म्हणाली. दुपारी खळ्यात खाट टाकून झोपले होते.

"उघड्यावर?" मी विचारलं.

"रोजच झोपायचे काकी. घरात झोपा म्हटलं तर म्हणायचे, माका वारो लागूदे."

मी पाणी आणायला उठले. परत आले तेव्हा ती पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढून बसली होती. म्हणाली, मीसुद्धा घेते. तिशीतच काकांनी मला धरून नेलं प्रेशर बघायला. मुलांचंही मीठ तेच बघायचे. पानात मिठाच्या जागी लिंबू. तुमची पद्धत म्हणायचे.

मग तिनं एक पाकीट माझ्यापुढे ठेवलं. आत शंभराच्या दोन नोटा होत्या आणि घड्या पडून पिवळं झालेलं वहीचं अर्धं पान. माझं अक्षर. वाकडं, चौथीतलं. तुमच्या घरातला वारा आहे, जपा. 'वारा'तला 'र' आणि त्याचा काना यांच्या मध्ये शाईनं एक खूण केली होती आणि तिच्यावर, मनीऑर्डरवरच्याच अक्षरात, ठळक 'स' लिहिला होता.

"काकांनी सांगितलंय, हे तुमच्याच हातात द्यायचं," पुतणी म्हणाली. "आणि म्हणाले, वयनीक सांग, आता सगळे फिटले."